मदत हवी आहे: पॉवर प्रेसवरच्या माणसांना धोके ओळखायला कसं शिकवू?

नमस्कार मंडळी,

भोसरी एमआयडीसीत गाड्यांचे शीट मेटल पार्ट बनवणाऱ्या एका छोट्या कारखान्यात मी सुपरवायझर आहे. ३० ते १०० टन दाबाच्या सात पॉवर प्रेस (डायमध्ये, म्हणजे साच्यात, पत्रा दाबून आकार देणारी मशीन), दोन पाळ्यांत मिळून ३४ माणसं. निम्मी बीड-लातूरकडची, बाकी बिहार-ओडिशाची, बहुतेक कंत्राटी. आयएसओ ४५००१ (कामाच्या जागेवरच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) चं ऑडिट येतंय म्हणून सेफ्टीचं काम माझ्याकडे आलं.

हिरा शीट (HIRA, म्हणजे धोके शोधून त्यांची जोखीम ठरवायचा तक्ता) मी ऑफिसात बसून भरली, एका शनिवारी सगळ्यांना प्रोजेक्टरवर दाखवली आणि सह्या घेतल्या. आठच दिवसांत ४० टनी प्रेसवर ट्रेमधला एक ब्लँक (कापलेला पत्र्याचा तुकडा) घसरला आणि थेट प्रेस चालवायच्या पायडलवर पडला. स्ट्रोक बसला, प्रेस खाली आली. ऑपरेटर पोराचा हात जॉब (तयार पार्ट) काढायला निघालाच होता. हातमोज्याचं टोक डायमध्ये राहिलं, बोटं वाचली. १९ वर्षांचा आहे तो. त्या रात्री मला झोप लागली नाही.

शीटमध्ये 'हात डायमध्ये जाणे' होतं, पण पायडलवर वरून काही पडेल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जुना ऑपरेटर म्हणाला, "आधी दोनदा झालंय असं." मग सांगितलं का नाहीत? "कोणी विचारलंच नाही, साहेब."

त्यांना बोलतं कसं करू? आणि शक्यतेला गुण द्यायला सांगितलं की सगळे पाचपैकी १ देतात, 'बारा वर्षांत काही लागलं नाही' म्हणून. गंभीरता ५ धरली तरी गुणाकार ५ येतो आणि प्रेस हिरव्या, म्हणजे कमी जोखमीच्या रकान्यात जाऊन बसते. हे मला पटत नाही.

— प्रेसवाला


डायसेटर२२:
पायडलवर तिन्ही बाजूंनी बंद असलेलं कव्हर आजच बसवा. प्रशिक्षण नंतर.


सुरक्षाताई:
दादा, आपण 'धोका' हा एकच शब्द दोन गोष्टींना वापरतो, तिथेच माणसं अडकतात. उघडं पायडल ही धोक्याची गोष्ट. त्यामुळे कुणाला, किती लागेल आणि लागायची शक्यता किती, ही जोखीम. आधी फक्त पहिली शोधायला लावा, गुणांचं नावही काढू नका.

प्रोजेक्टर सोडा. प्रेस बंद करून, फ्लायव्हील (प्रेसचं जड फिरतं चाक) पूर्ण थांबल्यावर चार-पाच जणांना मशीनपाशी उभं करा आणि एकच विचारा: "उद्या तुझा धाकटा भाऊ इथे कामाला लागला, तर त्याला काय काय सांगशील?" हिंदीतही विचारा. मी हे केलं तेव्हा गप्प बसणारी माणसंच आधी बोलली. दोन हातांच्या बटणांपैकी एक टेप लावून दाबून ठेवतात, हेही तेव्हाच कळलं. रागावू नका. टार्गेट पुरं होत नाही म्हणून ते तसं करतात, त्यामुळे टार्गेटही शीटवर यायला हवं.

गुणांचं म्हणाल तर बोट जाऊ शकतं तिथे गंभीरता ५ ठेवा आणि गुणाकार कितीही येवो, गार्ड (हात आत जाऊ न देणारं संरक्षण) बसल्याशिवाय शीटवरची ती ओळ 'काम झालं' म्हणून बंद करायची नाही, असा नियमच लिहून टाका. शक्यता ठरवताना 'आजवर किती जणांना लागलं' असं विचारू नका, 'हात एका पाळीत किती वेळा आत जातो' ते मोजा. पाळीत दोन हजार जॉब निघत असतील, तर हात दोन हजार वेळा आत गेला.

आणखी एक, हे नक्की बघा. तुमच्या प्रेस पिन क्लचच्या असतील तर लाइट कर्टनवर (प्रकाशकिरणांत हात आला की मशीन थांबवणाऱ्या यंत्रणेवर) पैसे घालू नका. पिन क्लच एकदा लागला की फेरी पूर्ण होईपर्यंत रॅम (प्रेसचा वर-खाली होणारा भाग) थांबत नाही, त्यामुळे कर्टनला हात दिसूनही उपयोग नाही. तिथे हात आत जाणारच नाही असा फिक्स गार्ड किंवा बंद (बोट आत जाणार नाही अशी झाकलेली) डाय लागते. हातमोजे सगळ्यात शेवटी.

मालक वेळ देत नसतील तर त्यांना आयएसओ ४५००१ चं कलम ५.४ दाखवा. धोके शोधण्यात कामगारांचा सहभाग हवा, असं त्यात स्पष्ट आहे.


प्रेसवाला:
ताई, मनापासून आभार. सातपैकी पाच पिन क्लचच्याच निघाल्या. कर्टनचं कोटेशन थांबवलंय, पायडलची कव्हर काल बसली. आज ४० टनीपाशी चौघांना उभं केलं. वीस मिनिटांत अकरा गोष्टी निघाल्या, त्यातल्या माझ्या शीटवर चारच होत्या. रात्रपाळीला मी नसतो, तिथे हे कोणाकडून करून घेऊ?


सुरक्षाताई:
ज्याने "आधी दोनदा झालंय" सांगितलं, त्याच्याकडून. कंत्राटदाराच्या माणसाकडे देऊ नका, त्याच्यासमोर कोणी बोलणार नाही.