गर्भपाताला नवऱ्याची सही मागणाऱ्या काकांसाठी

लोकमान्यनगरची सून:
रामबागकर काकांची कालची पोस्ट: "कायदा सैल झालाय, बायका घरी न सांगता मोकळ्या होतात, नवऱ्याची सही सक्तीची करा." काका, सही होती कधी? १९७१ च्या कायद्यातही सज्ञान बाईची स्वतःची संमती पुरते. २०२१ मध्ये काही जणींसाठी मुदत २० वरून २४ आठवड्यांवर गेली, सहीचं नाव तिथेही नाही. तरी इंदूरच्याच एका नर्सिंग होमने माझ्या नणंदेला "मिस्टरांना घेऊन या" म्हणून परत पाठवलं. मिस्टर जहाजावर! गोळ्यांवर भागलं असतं ते तेवढ्यात ऑपरेशनवर गेलं.

रामबागकर:
मूल दोघांचं आणि निर्णय एकटीचा? छान. खर्चाच्या वेळी बरा नवरा आठवतो.

सराफ्यातला:
नवऱ्याचं सोडा भिया, सरकार घुसलं त्याचं बोला. २६ जानेवारी २००१ नंतर तिसरं मूल झालं की सरकारी नोकरीला अपात्र, असा नियम आपल्या मध्य प्रदेशात काढला. माझी वहिनी शिक्षिका, दोन मुली. सासूला नातू हवा, खात्याला तिसरं नको. झाली तिसरीही मुलगीच, कागदावर धाकट्या जावेची. पंचायतीत निवडून येणाऱ्यांनाही हीच दोन मुलांची अट होती, ती मात्र २००५ मध्येच उठली. पुढारी सुटले, मास्तरीण अडकली.

निवृत्त बाबू:
मग लोकसंख्या कोण आवरणार? आम्ही थांबलोच ना दोनावर.

लोकमान्यनगरची सून:
"आम्ही"? ऑपरेशन तुमचं झालं की काकूंचं? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात बायकांची नसबंदी सुमारे ३८ टक्के, पुरुषांची ०.३.

निवृत्त बाबू:
हे वैयक्तिक होतंय. आणीबाणी पाहिलीय का तुम्ही? १९७६ मध्ये आमच्या गावचे पुरुष जीप दिसली की शेतात पळत.

सराफ्यातला:
पळाले, म्हणून टेबलावर बायका आल्या. २०१४ मध्ये छत्तीसगढच्या बिलासपूरला नसबंदी शिबिरांनंतर १३ जणी दगावल्या. शिबिरं बंद करा म्हणायला सुप्रीम कोर्टाला २०१६ उजाडलं.

रामबागकर:
विषय सहीचा होता, नसबंदीचं पुराण कुणी मागितलं नव्हतं. बरं, कायद्यात सही नाही, मानलं. वकीलबाईंचा विजय असो. पण नवऱ्याला सांगायला काय जातं?

लोकमान्यनगरची सून:
नणंदेने सांगितलंच होतं, व्हॉट्सॲपवर. त्याचा होकारही आला होता. काउंटरवरच्या माणसाला तो समोर उभा हवा होता.