शाळेची अमेरिका सहल: केनेडी, हन्ट्सव्हिल, ह्यूस्टन आणि वॉशिंग्टन दहा दिवसांत बसतं का?

प्रयोगवही:
नमस्कार. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या शाळेतून आठवी-नववीची २८ मुलं आणि ३ शिक्षक मे महिन्यात अमेरिकेतली अंतराळ केंद्रं बघायला न्यायचा विचार आहे. टूर कंपनीने दहा दिवसांचा आराखडा दिलाय: ऑर्लँडो (तिथून जवळचं नासाचं केनेडी अंतराळ केंद्र), तिथून बसने हन्ट्सव्हिल (रॉकेट संग्रहालय), पुढे बसनेच ह्यूस्टन, शेवटी विमानाने वॉशिंग्टन. पालकसभा पुढच्या महिन्यात आहे. हा आराखडा झेपण्यासारखा आहे का? व्हिसाचं काम कधी सुरू करावं? आणि पैसे भरण्याआधी कंपनीला काय काय विचारावं?

कक्षा_३६०:
आराखडा नकाशावर बरा दिसतो, पण रस्त्यावर कोलमडेल. ऑर्लँडो ते हन्ट्सव्हिल साधारण ११०० किमी, म्हणजे नुसतं ड्रायव्हिंग दहा-अकरा तास. अमेरिकेत प्रवासी बसच्या ड्रायव्हरला सलग आठ तास विश्रांतीनंतर जास्तीत जास्त १० तास गाडी चालवता येते आणि कामाचे एकूण १५ तास भरल्यावर स्टिअरिंगला हात लावता येत नाही. तिथे हे काटेकोर पाळतात. म्हणजे एक तर दुसरा ड्रायव्हर घ्या, नाही तर वाटेत मुक्काम करा. हन्ट्सव्हिल ते ह्यूस्टन अंतर त्याहून जास्त. दहातले दोन-तीन दिवस बसच्या खिडकीतच जातील.

दुसरा मुद्दा बघण्याचा. माणसांना चंद्राकडे नेणारं सॅटर्न ५ रॉकेट तीन ठिकाणी आहे: केनेडी, हन्ट्सव्हिल, ह्यूस्टन. ११० मीटर लांबीचं ते धूड पहिल्यांदा बघताना मुलं गप्प होतात, तिसऱ्यांदा बघताना आइस्क्रीमचं दुकान शोधतात. अपोलो चांद्रमोहिमांचे अंतराळवीर ज्यांत बसून परतले त्या कुप्यांचंही तसंच. केनेडीला अपोलो १४ ची, हन्ट्सव्हिलला १६ ची, ह्यूस्टनला १७ ची. म्हणून दोनच केंद्रं घ्या आणि वेळ द्या. माझं मत केनेडी आणि ह्यूस्टन, मध्ये विमान. एक रॉकेट उडवण्याची जागा, दुसरी अंतराळवीर घडवण्याची आणि मोहिमा सांभाळण्याची. फरक मुलांना लगेच कळतो. हन्ट्सव्हिलला जायचंच असेल तर १९८२ पासून चालणाऱ्या स्पेस कॅम्पसाठी जा, तेही पाच-सहा दिवस राहून. नुसतं संग्रहालय बघायला एवढी वाट वाकडी करण्यात अर्थ नाही.

केनेडीला पूर्ण दीड दिवस ठेवा. ऑर्लँडोहून तासाभराची वाट आहे. दार उघडताच आधी बसफेरीच्या रांगेत उभं राहायचं. ही बस प्रवेश तिकिटातच येते; रॉकेटं जोडायची १६० मीटर उंच इमारत, व्हेइकल असेंब्ली बिल्डिंग, बाहेरून दाखवत अपोलो-सॅटर्न केंद्रावर सोडते. बहुतेक गट आधी जवळच्या अटलांटिस या स्पेस शटलच्या (पुन्हा पुन्हा उडणारं अंतराळयान) दालनात शिरतात, तिथे रमतात आणि बस चुकवतात, कारण शेवटची बस केंद्र बंद व्हायच्या बऱ्याच आधी सुटते. अटलांटिस दुपारी बघा. ३३ उड्डाणं केलेलं खरं यान आहे, मालवाहू कप्प्याची दारं उघडी ठेवून तिरकं टांगलंय. उन्हाळ्यात फ्लोरिडात दुपारी गडगडाटी पाऊस येतो, तेव्हा आत असलेलं बरं.

प्रक्षेपण दाखवू असं कंपनी म्हणत असेल तर ते वाक्य माहितीपत्रकातून काढायला लावा. हवा, वारा, एखादा सेन्सर, कशानेही उड्डाण पुढे ढकललं जातं. दिसलं तर नशीब.

बीकेसीची_रांग:
व्हिसावर लिहितो, कारण सहली तिथेच अडतात.

ज्या दिवशी मुलाखतीच्या तारखा मिळतील त्यावर सगळं ठरतं, त्यामुळे काम आठ-दहा महिने आधी सुरू करा. त्याआधी पासपोर्ट. अल्पवयीन मुलांचा पासपोर्ट पाच वर्षांचा असतो. लहानपणी काढलेले बरेच संपत आलेले निघतात. परतीच्या तारखेपुढे किमान सहा महिने मुदत हवी.

नावांचा घोळ आपल्याकडे फार. काही पासपोर्टांवर आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि मुलाचं, वडिलांचं, आडनाव असं सगळं पहिल्या नावाच्या रकान्यात. अशा वेळी डीएस-१६० या व्हिसाच्या ऑनलाइन अर्जात ते सगळं आडनावात जातं आणि नावाच्या जागी एफएनयू (‘पहिलं नाव माहीत नाही’ याचं इंग्रजी लघुरूप) लिहावं लागतं. तिकिटातही भानगड होते. वेळ असेल तर पासपोर्टच दुरुस्त करून घ्या.

डीएस-१६० प्रत्येकाचा वेगळा. वीसेक मिनिटं हात लावला नाही तर पान बंद पडतं, म्हणून अर्जाचा क्रमांक आधी वहीत उतरवा आणि दर पानाला सेव्ह करा. गटासोबत प्रवास करताय का, या प्रश्नाला हो म्हणून गटाचं नाव द्यायचं असतं. ३१ जणांनी ते एकाच स्पेलिंगने लिहावं. मुलाखतीची वेळ घेताना दिलेला अर्ज क्रमांक आणि सोबत नेलेल्या पावतीवरचा क्रमांक एकच हवा. अर्जात चूक सापडली म्हणून नवा फॉर्म भरला आणि वेळेच्या नोंदीत क्रमांक बदलायचा राहिला की परत पाठवतात. फी माणशी १८५ डॉलर, व्हिसा नाकारला तरी परत नाही.

पूर्वी १४ वर्षांखालच्या मुलांना मुलाखतीतून सूट मिळे. सप्टेंबर २०२५ पासून ती जवळजवळ गेली. म्हणजे बोटांच्या ठशांसाठी एकदा आणि बीकेसीतल्या (वांद्रे-कुर्ला संकुल) अमेरिकी वकिलातीत मुलाखतीसाठी एकदा, अशा मुंबईच्या खेपा धरून चाला. शाळेचं पत्र, मुलांची यादी, दिवसवार कार्यक्रम आणि पालकांच्या उत्पन्नाचे कागद प्रत्येकाच्या फाइलमध्ये ठेवा. मुलांना उत्तरं पाठ करायला लावू नका. कुठे चाललोय, काय बघणार, खर्च कोण करतंय, एवढं स्वतःच्या शब्दांत सांगता आलं की झालं.

व्हिसा गटाला मिळत नाही, माणसाला मिळतो. २८ पैकी दोघांना नकार येऊ शकतो, शिक्षकालाही येऊ शकतो. म्हणून चौथ्या शिक्षकाचाही व्हिसा काढून ठेवा; मुली असतील तर राखीव धरून किमान दोन शिक्षिका हव्यात. नकार आल्यास किती पैसे कापणार, हे कंपनीकडून आकड्यांत लिहून घ्या. दहा किंवा जास्त प्रवाशांना विमान कंपन्या गटभाडं देतात आणि त्यात नावं नंतर देता येतात. व्हिसाआधी नावानिशी तिकिटं काढू देऊ नका.

परदेश सहलीवर टीसीएस, म्हणजे पैसे भरतानाच कंपनी गोळा करते तो आयकर, कापला जातो. तो पालकांच्या पॅनवर नीट नोंदवून घ्या, म्हणजे विवरणपत्रात वळता करता येतो.

ह्यूस्टनकर:
स्पेस सेंटर ह्यूस्टन हे जॉन्सन स्पेस सेंटरचं पाहुण्यांसाठीचं केंद्र. ट्रॅमच्या फेऱ्या वेळेच्या पासवर असतात. ३१ जण एका ट्रॅममध्ये हवे असतील तर गटाचं आरक्षण आधी करा, नाही तर तीन फेऱ्यांत विखुराल. अपोलोचा मूळ नियंत्रण कक्ष २०१९ मध्ये जसाच्या तसा सजवून पुन्हा उघडलाय. त्याचं तिकीट वेगळं आणि जागा मोजक्या. कोटेशनमध्ये ते आहे का बघा, बहुतेक नसतंच. बरेच जिने चढावे लागतात. बाहेर बोइंग ७४७ च्या पाठीवर शटल दिसेल. विमान खरं, शटल प्रतिकृती. हॉबी विमानतळ जवळ पडतो, त्यामुळे ऑर्लँडोहून तिथलं विमान मिळतंय का ते आधी बघा.

वॉशिंग्टन परतीच्या वाटेवर असेल तर डलेस विमानतळाशेजारचं उद्वार-हेझी केंद्र बघा, ते वॉशिंग्टनच्या हवाई आणि अंतराळ संग्रहालयाचीच शाखा. डिस्कव्हरी शटल तिथे आहे, प्रवेश फुकट, फक्त पार्किंगचे पैसे. शहरातल्या मुख्य संग्रहालयाला वेळेचा फुकट पास लागतो.

प्रयोगवही:
खूप आभार. हन्ट्सव्हिल काढतोय. दोन शंका उरल्या. कंपनी म्हणते मुलांची ‘नासामध्ये निवड’ होईल आणि प्रमाणपत्र मिळेल. आणि पालक विचारतायत, खाऊ काय काय देता येईल?

कक्षा_३६०:
निवड वगैरे काही नसतं. ही पाहुण्यांची केंद्रं आहेत, तिकीट काढून कुणीही जातं. केनेडीचं तर एक खासगी कंपनी चालवते. प्रमाणपत्र मिळालं तरी ते तिथल्या कार्यक्रमाला हजर राहिल्याचं. पालकसभेत हे स्पष्ट सांगा, म्हणजे परतल्यावर गावात फ्लेक्स लागणार नाहीत. कोटेशनमध्ये मात्र प्रत्येक तिकिटाचं नाव मागा: प्रवेश, बसफेरी, अंतराळवीराशी गप्पा, सिम्युलेटर, जेवण.

बीकेसीची_रांग:
चिवडा, लाडू, चकली, शंकरपाळे चालतात. ताजी फळं, कढीपत्ता, मांसाचा कुठलाही पदार्थ नको. तांदूळ आणि कच्चे हरभरेही नकोत, खापरा या धान्यातल्या किडीमुळे बंदी आहे. कस्टम्सचा फॉर्म असो वा तोंडी प्रश्न, खाऊ आहे असंच सांगायचं. लपवला तर दंड, सांगितला तर फार तर काढून घेतील.

पहिल्या अमेरिकी विमानतळावर इमिग्रेशन होतं आणि बॅगा घेऊन पुन्हा द्याव्या लागतात. ३१ जणांसाठी पुढच्या विमानाआधी किमान चार तास ठेवा. अबू धाबीमार्गे काही विमानांना हे काम तिथेच उरकतं. आई-वडील दोघांच्या सहीचं नोटरी केलेलं इंग्रजी संमतीपत्र मुलाच्या हातातल्या पिशवीत ठेवा, चेक-इन बॅगेत नको.