४के मॉनिटरसाठी प्रोसेसर बघायचा की पोर्ट?

गिरगावची:
मी घरून मराठी पुस्तकांची पानं लावते. लॅमिंग्टन रोडवरून २७ इंची ४के मॉनिटर आणला आणि २०१८ च्या लॅपटॉपला एचडीएमआयने जोडला. अक्षरं इतकी सुरेख की रफाराशेजारचा अनुस्वारही सुटा दिसतो. पण माउसचा बाण अडखळत सरकतो. सेटिंगमध्ये ३० हर्ट्झ, म्हणजे चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलतं, ६० चा पर्यायच नाही. दुकानदार म्हणाला वायर बदला. दोन बदलल्या, फरक शून्य. माझं मत झालंय, मोठा मॉनिटर घ्यायचा तर आधी प्रोसेसर नवा हवा.

मुलुंड_पूर्व:
अजिबात पटत नाही. ४के चित्र ६० हर्ट्झवर दाखवायला सेकंदाला जवळपास १२ गिगाबिट लागतात. तुमच्या लॅपटॉपचं एचडीएमआय बहुधा जुन्या १.४ आवृत्तीचं असणार, त्यातून चित्रासाठी जेमतेम ८ मिळतात. अडलंय ते दारात, म्हणजे पोर्टात. त्या काळातले कितीतरी प्रोसेसर डिस्प्लेपोर्टवरून (मॉनिटर जोडायची एचडीएमआयसारखीच दुसरी सोय) ६० आरामात देतात. यूएसबी-सी वापरून बघा, बऱ्याचदा त्यातूनही डिस्प्लेपोर्टचं चित्र जातं.

गिरगावची:
बघितलं की! एका यूएसबी-सीतून अनेक पोर्ट काढून देणारी डबी, म्हणजे डॉक लावलाय, तरी ३०च.

मुलुंड_पूर्व:
मग डॉकच आड येत असणार. यूएसबी-सीमध्ये वेगाच्या चार लेन असतात. बरेच डॉक त्यातल्या दोन यूएसबी ३ साठी ठेवतात. उरलेल्या दोनांतून डिस्प्लेपोर्ट १.२ वर ४के ३० च्या पुढे जात नाही. सी-टू-डिस्प्लेपोर्ट वायर थेट मॉनिटरला लावा, चारही लेन चित्राला मिळतील.

परळकर:
पोर्टचं मान्य, पण प्रोसेसरला असं मोकळं सोडू नका. किती पडदे चालणार हे त्याच्या आतलं डिस्प्ले इंजिन ठरवतं. २०२० चा ॲपलच्या एम१ प्रोसेसरचा मॅकबुक एअर लॅपटॉप उदाहरणाला घ्या. ६के मॉनिटर ६० हर्ट्झवर चालवतो, पण एकच. थंडरबोल्ट (यूएसबी-सीच्याच आकाराचे वेगवान) पोर्ट दोन असून दुसरा मॉनिटर लागत नाही. डिस्प्लेलिंकच्या डॉकने लागतो, पण तिथे सॉफ्टवेअर चित्र दाबून यूएसबीवरून पाठवतं आणि तो भार पुन्हा प्रोसेसरवरच. कुठली वायर पुरणार त्याला?

मुलुंड_पूर्व:
अहो, ताईंना दुसरा पडदा नकोच आहे. एका पडद्यापायी धडधाकट लॅपटॉप काढून टाकायचा, हे बघवत नाही.

गिरगावची:
थेट वायर लावली. ६० आलं! बाण आता हाताबरोबर धावतो. प्रोसेसरबद्दलचं माझं म्हणणं मागे घेते. पण लॅपटॉपचं जुनं खोकं माळ्यावरून काढून पाहिलं, त्यावर नुसतं ‘एचडीएमआय’ छापलंय. १.४ की ४के ६० वर चालवणारं २.०, हा आकडा कुठेच नाही. परळकर, तुमचे पडदे मोजा खुशाल, पण हा आकडा खोक्यावर आलाच पाहिजे.