तळघर की वरचा मजला? 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' अजून का टिकून आहे

शेवटची_रांग

परवा रात्री घरी 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पुन्हा लावला. सोबत भाचा होता, वय १९, धावत सुटणारे झॉम्बी, म्हणजे मेल्यावर उठून माणसं खाणारी प्रेतं, बघत मोठा झालेला. पहिली वीस मिनिटं मोबाइल त्याच्या हातात होता, नंतर तो कधी बाजूला पडला कळलं नाही. संपल्यावर काही न बोलता उठून गेला आणि अर्ध्या तासाने परत येऊन म्हणाला, "मामा, पण तो हॅरी बरोबरच बोलत होता ना?" त्या प्रश्नासाठी हा धागा.

सिनेमा पाहिला नसेल तर इथेच थांबा. शेवट सांगितल्याशिवाय मला माझं म्हणणं मांडता येणार नाही.

१९६८ सालचा कृष्णधवल सिनेमा. दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो. पिट्सबर्गमध्ये जाहिरातपट करणाऱ्या मित्रमंडळींनी आपापसात पैसे जमवून काढलेला, एकूण खर्च १ लाख १४ हजार डॉलरच्या आसपास. एव्हन्स सिटी नावाच्या गावाजवळ पाडायला काढलेलं एक शेतघर मिळालं, त्यात चित्रीकरण केलं. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं, कारण कृष्णधवलमध्ये ते खपून जातं.

बार्ब्रा आणि तिचा भाऊ जॉनी वडिलांच्या कबरीवर पुष्पचक्र ठेवायला येतात. मागे लांबवर एक माणूस चालत असतो. अगदी साधा, कोटातला. तोच अंगावर येतो. जॉनी पडतो, बार्ब्रा पळत एका रिकाम्या घरात शिरते. थोड्या वेळाने बेन तिथे पोचतो आणि दारं मोडून, फळ्या काढून खिडक्यांवर ठोकायला लागतो. मग कळतं की तळघरात आधीपासून पाच जण दडून बसलेत: हॅरी कूपर, त्याची बायको हेलन, चावा बसून तापाने फणफणलेली त्यांची लेक कॅरन, आणि टॉम-जूडी हे तरुण जोडपं.

इथून पुढे सिनेमा म्हणजे एक भांडण आहे. हॅरी म्हणतो, तळघरात चला, एकच दार आहे, आतून अडसर घालू. बेन म्हणतो, तळघर म्हणजे सापळा, वर निदान पळायला वाट आहे. आपण बेनच्या बाजूने असतो. हॅरी हेकट आहे, घाबरट आहे, बायकोशीही धड बोलत नाही. बेन हातोडा घेऊन राबतोय. अशा वेळी कुणाचं ऐकायचं हे आपण स्वभावावरून ठरवून टाकतो.

आणि मग बेनचं एकेक फसत जातं. ट्रकमध्ये पेट्रोल भरून निसटायचा बेत ठरतो, तर पंपाची किल्लीच लागत नाही. टॉम कुलपावर गोळी झाडतो, पेट्रोल सांडतं, मशालीची ठिणगी पडते, टॉम आणि जूडी गाडीसकट जळतात. फळ्या निखळतात. मढी घरात शिरतात. शेवटी एकटा उरलेला बेन जातो कुठे? तळघरात. आतून दार लावतो आणि रात्र काढतो. म्हणजे हॅरी बरोबर होता.

पण थांबा. त्याच तळघरात कॅरन होती. ती तिथेच मेली, तिथेच उठली आणि तिने आईलाच मारलं. सगळे पहिल्यापासून खाली गेले असते तर बंद दाराआड तिच्यासोबत असते. मग हॅरी बरोबर कसा?

पन्नासहून अधिक वर्षांत या प्रकारचे शेकडो सिनेमे आले. त्यातल्या बहुतेकांत जो शहाणा तो वाचतो, जो स्वार्थी तो मरतो. या सिनेमाने हा हिशेबच मोडून ठेवलाय. सकाळी मदत येते, बेन आवाज ऐकून वर येतो, खिडकीशी उभा राहतो, आणि शेरीफच्या टोळीतला एक जण त्याच्या डोक्यात गोळी घालतो. माझ्या मते हा सिनेमा आजही वेगळा उभा राहतो तो यामुळे. तुमचं काय?

स्पष्टवक्ता

असहमत. भांडणाचा मुद्दा चांगला आहे, पण सिनेमा टिकण्याचं कारण तुम्ही समजता त्यापेक्षा खूप साधं आहे. त्याचं आधीचं नाव वेगळं होतं. वितरकाने ते बदललं, आणि नव्या नावाच्या पाटीवर कॉपीराइटची सूचना टाकायची राहून गेली. तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात सूचना नाही म्हणजे हक्क नाही. त्यामुळे सिनेमा पहिल्या दिवसापासून सगळ्यांचा झाला. वाहिन्यांनी फुकट दाखवला, कॅसेटवाल्यांनी कुणालाही न विचारता विकला, पुढे इंटरनेटवर आला. जे सतत समोर येतं ते अभिजात वाटायला लागतं.

आणि प्रामाणिकपणे बघा. टॉमचा अभिनय शाळेच्या स्नेहसंमेलनासारखा आहे. संगीत तयार साठ्यातून उचललेलं आहे, इतर स्वस्त सिनेमांत वाजून गेलेलं. मधली वीस मिनिटं तर नुसती खिळे ठोकण्यात जातात.

शेवटची_रांग

कॉपीराइटचं खरं आहे, आणि ते रोमेरोच्या मंडळींना फार महागात पडलं. पण त्याच चुकीने त्या काळातले इतरही कितीतरी सिनेमे मोकळे झाले. ते याच वाहिन्यांवर, याच कॅसेटवर होते. त्यातल्या एकावर आज आपण भांडतोय का? फुकट असल्यामुळे लोकांनी तो लावला हे मान्य. माझा भाचा अर्ध्या तासाने प्रश्न घेऊन परत का आला, हे त्यातून कळत नाही.

खिळे ठोकण्याबद्दल: मला तोच भाग सगळ्यात आवडतो. बेन बोलत बोलत टेबलाचे पाय तोडतो, इस्त्रीच्या टेबलाची फळी काढतो. घरातली रोजची वस्तू न् वस्तू आडोसा होत जाते. घर हळूहळू घर राहत नाही.

घाटमाथा

मला हा प्रकारच कधी भिडला नाही, आणि त्याचं कारण आपल्या मातीत आहे असं वाटतं. आपण माणसं जाळतो. कबरीतून प्रेत उठून येईल ही भीती आपल्या हाडात नाही. आपलं भूत वेगळं. मुंजा असतो, हडळ असते, खवीस असतो, आणि प्रत्येकाची काहीतरी इच्छा राहिलेली असते. कुणाचं लग्न राहिलं, कुणी बाळंतपणात गेली. त्याला नैवेद्य दाखवता येतो, भगत आणता येतो, निदान त्याची कहाणी ऐकता येते. कोकणात आजीकडे ऐकलेल्या गोष्टींत भुताशी बोलणं व्हायचं. या सिनेमातल्या मढ्यांशी काय बोलणार? त्यांना नाव नाही, कूळ नाही, हेतू नाही. म्हणून मला ती भीती पोकळ वाटते.

उत्तररात्र

घाटमाथा, एक दुरुस्ती करू का? या सिनेमात कबर फोडून कुणीच बाहेर येत नाही. सुरुवात स्मशानभूमीत असल्यामुळे सगळ्यांना तसं आठवतं. पण टीव्हीवरच्या बातमीत स्पष्ट सांगतात की उठताहेत ते अजून न पुरलेले, नुकते मेलेले. शवागारातले, इस्पितळातले, अपघातातले. 'झॉम्बी' हा शब्दही सिनेमात एकदाही येत नाही, 'घूल' म्हणतात, म्हणजे प्रेतं खाणारं पिशाच्च. त्याआधीच्या हॉलिवूडपटांतला झॉम्बी हैतीमधला, जादूटोण्याने गुलाम केलेला, त्याला कुणीतरी मालक असायचा. रोमेरोने तो मालक काढून टाकला. तुम्ही ज्याला पोकळ म्हणता, ते मुद्दाम केलेलं आहे.

आता मूळ सांगायचं ते. त्याच बातम्यांत एक डॉक्टर म्हणतो की प्रेतं ताबडतोब बाहेर नेऊन जाळा, अंत्यविधीला वेळ नाही, तो दिलासा आता नातेवाइकांनी सोडून द्यावा. कॉलेजात पाहिला तेव्हा हे वाक्य कानावरून गेलं होतं. आपण जाळतोच, त्यात काय.

एप्रिल २०२१ मध्ये माझे काका गेले. पिशवीत बंद करून इस्पितळातून थेट स्मशानात. आम्ही दोघं भाऊ दाराबाहेर, लांबून. तोंड पाहिलं नाही, पाणी घातलं नाही, मडकं फिरवलं नाही. ज्यांनी त्यांना उचललं ती माणसं पाच-सहा जणांचं काम लागोपाठ करत होती, त्यांना मी दोष देत नाही. त्या वर्षाच्या शेवटी हा सिनेमा परत लागला आणि त्या डॉक्टरच्या वाक्याला मी टीव्ही बंद केला. राहिलेला दुसऱ्या दिवशी पाहिला.

जाळणं वेगळं आणि निरोप न देता जाळणं वेगळं. हे मला एका अमेरिकन भयपटातल्या टीव्ही बातमीने दाखवलं.

आणखी एक. आधी रेडिओ सांगतो, घराबाहेर पडू नका. काही तासांनी टीव्ही सांगतो, घरात थांबू नका, मदत केंद्रावर जा. त्या दुसऱ्या सूचनेवरच ट्रकचा बेत ठरतो आणि दोन जीव जातात. सूचना देणारे खोटं बोलत नव्हते, त्यांनाही कळत नव्हतं. हे सगळं आपण घरात बसून अनुभवलंय.

घाटमाथा

तुमच्या काकांबद्दल वाईट वाटलं. कबरीचं माझं चुकलंच, पुन्हा पाहीन. भुताला कहाणी हवी, हे माझं मत मात्र तसंच आहे.

अबोली

सगळे तळघरावर बोलताय, बार्ब्रावर कुणी बोलायचं? पहिली दहा मिनिटं सिनेमा तिचा आहे. मग घरात आली की ती सोफ्यावर बसते आणि संपते. बेन काम करतो, हॅरी भांडतो, ती कापडाची किनार चाचपत बसते. वर बेन तिला मारतो आणि ती शुद्ध हरपते. माझ्या मैत्रिणीने इथेच सिनेमा सोडला, आणि मी तिला अडवलं नाही. रोमेरोलाही हे टोचलं असावं, कारण १९९० मध्ये हीच गोष्ट नव्याने, रंगीत काढली तेव्हा पटकथा त्यानेच लिहिली आणि तिथली बार्बरा स्वतः बंदूक चालवते, तीच वाचते. लेखकाने स्वतः बदललेली गोष्ट आपण 'टिकलेली' कशी म्हणायची?

शेवटची_रांग

अबोलीताई, हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. जूडीचंही तसंच आहे, तिला टॉमशिवाय काही अस्तित्वच दिलेलं नाही.

पण बार्ब्राचं सुन्न होणं मला खोटं वाटत नाही. तिने डोळ्यांसमोर भाऊ पडताना पाहिलाय. १९९० ची बंदूकवाली मला आवडते, पण आपल्यातले किती जण तशा रात्री तिच्यासारखे वागतील? शिवाय शेवटी दार फुटतं आणि हेलन सापडते, तेव्हा तिला सोडवायला सोफ्यावरून उठून धावते ती बार्ब्राच. आणि दारात समोर कोण? जॉनी, आता मेलेल्यांतलाच एक. भाऊच तिला ओढून नेतो.

स्पष्टवक्ता

आता पुढचा मुद्दा निघणारच, म्हणून आधीच बोलतो. बेन कृष्णवर्णीय आहे, म्हणून हा सिनेमा वंशद्वेषावरचा, हे प्रत्येक लेखात वाचतो. रोमेरो स्वतः आयुष्यभर सांगत आला की बेनचं काम करणाऱ्या ड्वेन जोन्सची निवड त्याने चाचणी सर्वांत चांगली दिली म्हणून झाली. पटकथेत बेनचा वर्ण लिहिलेलाच नव्हता. सिनेमात एकही पात्र त्यावर अवाक्षर काढत नाही. मग हा अर्थ नंतर चिकटवलेला नाही का?

उत्तररात्र

कुणी अवाक्षर काढत नाही, हेच तर १९६८ मध्ये विलक्षण होतं. कृष्णवर्णीय माणूस घरातला प्रमुख, गोऱ्या माणसाला दटावतो, पुढे त्याच्यावर गोळी झाडतो, आणि पटकथा त्याबद्दल ना सफाई देत ना भाषण.

शिवाय बेन कागदावर राहिला तसा पडद्यावर आला नाही. लिहिलेला बेन रांगडा ट्रकचालक होता. जोन्स शिकलेला, इंग्रजी शिकवणारा माणूस. त्याने संवाद स्वतःच्या भाषेत आणले. आपण बघतो तो शांत, मोजकं बोलणारा बेन हे बऱ्याच अंशी त्याचं काम आहे. हेतू रोमेरोचा नसेल, पण सिनेमा एकट्या दिग्दर्शकाचा असतो का?

आणि तारीख बघा. तयार प्रिंट गाडीत घालून ही मंडळी न्यूयॉर्कला निघाली होती, वाटेत रेडिओवर मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येची बातमी ऐकली, असं रोमेरोनेच मुलाखतींत सांगितलंय. ४ एप्रिल १९६८. ऑक्टोबरमध्ये सिनेमा लागला. शेवटी हलती चित्रं थांबतात आणि वर्तमानपत्रासारखी ठिपकेदार छायाचित्रं येतात: हातात लोखंडी आकडे घेतलेली गोरी माणसं, कुत्री, बेनचं प्रेत. हा सिनेमा पाहणाऱ्या अमेरिकन माणसाने तशी छायाचित्रं, गोऱ्या जमावाने ठार मारलेल्या कृष्णवर्णीयांची, आधी कुठे पाहिली होती, हे कुणाला समजावून सांगावं लागलं नसेल.

डोंबिवलीकर

+१. जाता जाता, २०२२ चा 'झोंबिवली' आमच्याच गावात घडतो आणि त्यातही उंच इमारत विरुद्ध शेजारची वस्ती असा मामला आहे. झॉम्बीच्या आडून समाजावर बोलायची ही वाट या जुन्या सिनेमानेच पाडली.

अबोली

कुणाला माहीत आहे का, हा सिनेमा तेव्हा लहान मुलांनी दुपारच्या खेळाला पाहिला होता? अमेरिकेत वयानुसार प्रमाणपत्र देणं सुरू झालं १ नोव्हेंबर १९६८ ला, हा त्याआधी महिनाभर लागला. समीक्षक रॉजर एबर्ट यांनी शिकागोतल्या एका खेळाबद्दल लिहिलंय. मुलं आधी हसत-ओरडत होती, मग थिएटर शांत झालं, काही मुलं रडत बसली. नायक मरतो हे त्यांना कुठल्याच सिनेमाने शिकवलं नव्हतं. बार्ब्राबद्दल माझा राग कायम आहे, पण त्या मुलांचं वाचल्यापासून शेवटाबद्दल मी वाद घालत नाही.

शेवटची_रांग

ज्यांना बघायचाय त्यांनी कृपया २०१६ साली जीर्णोद्धार केलेली प्रत शोधा. फुकट फिरणाऱ्या बऱ्याच प्रती कॉपीची कॉपी आहेत, अंधारात काय चाललंय दिसत नाही. आणि नंतर रंग भरलेली आवृत्ती तर अजिबात नको.

स्पष्टवक्ता

चार दिवसांनी परत आलोय. मी आजवर जे पाहिलं होतं ती धुरकट प्रत होती, हे मान्य करतो. या वेळी स्वच्छ प्रत पाहिली. टॉमच्या अभिनयाबद्दल आणि संगीताबद्दल माझं म्हणणं होतं तेच आहे. कॉपीराइटचा मुद्दाही मी सोडलेला नाही.

पण एक दृश्य मला जुन्या प्रतीत कधी नीट दिसलंच नव्हतं. शेवटची सकाळ. हेलिकॉप्टरमधून खाली शेत दिसतं आणि त्यात पांगून हळूहळू पुढे सरकणारी माणसं. ती शेरीफची टोळी आहे हे ठाऊक असूनही मला कळेना की खाली चाललेत ते कोण, मारणारे की मेलेले. मी मागे नेऊन तीनदा पाहिलं. तिन्ही वेळा क्षणभर तसंच झालं.