९४ टक्के लोक ‘चालतं’ म्हणतात, मग भांडण कशाचं?

औसेकर:
लातूरला एम.ए. राज्यशास्त्र करायलोय. अमेरिकेतला वर्ण आणि लोकमत यावर सेमिनार आहे. गॅलप या लोकमत मोजणाऱ्या संस्थेच्या पाहणीत गोऱ्या-काळ्यांच्या लग्नाला १९५८ साली ४ टक्के लोकांची मान्यता, २०२१ साली ९४ टक्के. मग तिथल्या निवडणुकांत वर्णावरून अजून एवढं का पेटतं? लोक खोटं सांगायलेत का आकडा चुकीचा?

पूर्णाकाठ:
आकडा बरोबर आहे. पण चारचौघांत काय बोलायचं असतं, हेही त्यात मोजलं जातं. असल्या लग्नांवरची बंदी १९६७ साली सुप्रीम कोर्टानं उडवली, तरी अलाबामाच्या राज्यघटनेत ते कलम २००० पर्यंत पडून होतं. काढायचं का म्हणून मतदान घेतलं तर शंभरातले चाळीसेक जण ‘नको’ म्हणाले. तिथं विचारणारा समोर बसलेला नव्हता ना! १९८२ साली लॉस एंजेलिसचे काळे महापौर टॉम ब्रॅडली कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदाला उभे होते. चाचण्यांत पुढं, आणि लाखाच्या आत मतांनी पडले. कारणं आणखीही होती, पण चाचणीत एक सांगायचं आणि मत दुसरंच द्यायचं, याला तेव्हापासून त्यांचंच नाव पडलं, ‘ब्रॅडली इफेक्ट’.

दुसरं, लोकमत बदललं की मग न्याय मिळतो, असं लिहू नका. २७ जुलै १९७८ ला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला, तेव्हा मी सातवीत होतो. आमची वस्ती जळाली. आईनं उतरंडीतलं जोंधळ्याचं एक मडकं तेवढं ओढून काढलं. तळचे दाणे करपलेले. आठ दिवस भाकरीला धुराचा वास यायचा, आणि आई ‘खा रे, पोटात गेल्यावर कळत नाही’ म्हणायची. त्या आठवड्यात कुणी मराठवाड्याचा कौल घेतला असता तर काय आलं असतं, सांगा. नामविस्तार व्हायला १४ जानेवारी १९९४ उजाडलं.

मार्टिन ल्यूथर किंगचं तेच. १९६४ चा नागरी हक्क कायदा झाला, १९६५ चा मतदान हक्काचा झाला, आणि १९६६ साली ६३ टक्के अमेरिकनांचं त्यांच्याबद्दल वाईट मत. २०११ साली ९४ टक्क्यांचं चांगलं. माणूस तोच होता.

अंबडवाला:
सर, मडक्याचं वाचून गलबलून आलं. तरी एक बोलतो. वर्ण अंगावर दिसतो, जात आडनावावरून काढावी लागते. दोन्ही एका मापानं मोजू नयेत. आणि कायदा झाला म्हणजे तो टिकतोच असंही नाही. १९६५ च्या कायद्यातली मोठी तरतूद २०१३ साली त्यांच्याच सुप्रीम कोर्टानं निकामी केली.

पूर्णाकाठ:
मान्य. ते २०१३ चं सेमिनारमध्ये आलंच पाहिजे.

औसेकर:
सर, तुमचं वाचल्यावर आमच्याच गावात प्रश्नावली घेऊन फिरलो. ‘भेदभाव होतो का?’ म्हटलं की सगळे ‘कुठं राहिलंय आता तसलं’. मग प्रश्न बदलला. एक मावशी अंगणात तूर पाखडायल्या होत्या. विचारलं, ‘मावशी, वस्तीतलं कुणी तुमच्या घरात जेवायला बसलंय, ते शेवटचं कधी?’ सूप हातातच थांबलं. माझ्याकडं बघितलं, मग ओसरीकडं. म्हणाल्या, ‘चहा पितात की, तिथं बसून.’

कागदावर यासाठी रकाना नव्हता. मी वाक्य तसंच लिहून घेतलं.