तुंबाड २ येणार म्हणे! कोकणकरांनो, आशा आणि धाकधूक दोन्ही इथे लिहा

खाडीपलीकडची (गुहागर)
मंडळी, २०२४ च्या सप्टेंबरात तुंबाड हा हिंदी भयपट परत थेटरात लागला तेव्हाच त्यातला हिरो आणि निर्माता सोहम शाहने दुसरा भाग जाहीर केला आणि तेव्हापासून आमच्या ग्रुपवर पाऊस लागला की हा विषय निघतोच, म्हणून म्हटलं एकदाचा धागा काढूया. पहिला कुठे कसा बघितलात आणि दुसऱ्याकडून काय हवंय, काय नकोय ते मोकळेपणाने लिहा. फक्त "सिक्वेल नेहमी बकवासच असतात" असली एका ओळीची पिंक टाकून पळू नका प्लीज. स्पॉयलर चालतील, २०१८ चा सिनेमा आहे, आता काय लपवायचं.

माझ्यापासून सुरुवात करते. आमच्याकडे तेव्हा तो थेटरात लागलाच नाही, मी प्राइमवर मोबाइलवर बघितला, कानात इयरफोन, बाहेर पाऊस नव्हता तरी सारखं वाटत होतं की पडतोय. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हस्तरची, म्हणजे त्यातल्या हावरट देवाची, कथा सुरुवातीला पटकन सांगून टाकतात. देवीचं सोनं मिळालं, धान्याला हात घालायला गेला तेव्हा बाकीचे देव धावून आले, म्हणून तो कायमचा उपाशी, म्हणून त्याला भुलवायला पिठाची बाहुली. बास! पुढे कोणी काही समजावत बसत नाही. माझी भीती तीच आहे की आता हस्तरचं बालपण, हस्तरचे भाऊ, हस्तर असा का झाला, सगळं खुलासेवार दाखवतील. एकदा कळला की संपला तो.

जगबुडीकाठचा
मी खेड तालुक्यातला, म्हणजे तुंबाड आमच्यातच. आमच्या घरात हे नाव सिनेमाच्या खूप आधीपासून, श्री. ना. पेंडशांच्या तुंबाडचे खोतमुळे, ती १९८७ ची कादंबरी. सिनेमा आल्यावर मात्र पुण्या-मुंबईचे पाहुणे विचारायला लागले, हस्तरचं देऊळ कुठंय. अहो, कुठल्याच पुराणात नाही तो, यांनीच बनवलाय! आणि सिनेमातला वाडा बघायचाय म्हणतात, तर तो सासवडचा, घाटावरचा. आमच्याकडे चिऱ्याच्या भिंती, वर कौलं, पुढे पडवी, मागे परसू. एवढाले बुरुज कोणाच्या बापाने बांधले होते इकडे? दिसला भारी, त्याबद्दल तक्रार नाही, पण दुसऱ्या भागात खरं कोकणी घर दिसलं तर बरं वाटेल. त्यातही माजघरात दुपारी बाराला अंधार असतो, वेगळं भुयार खणायची गरज नाही.

पहिल्याचं शूटिंग २०१२ ला सुरू झालं आणि सिनेमा २०१८ ला आला. खऱ्या पावसासाठी थांबले, परत परत शूट केलं. आता एवढा धीर कोण धरणार, सगळं स्टुडिओत हिरव्या पडद्यासमोर उरकतील अशी धाकधूक आहे.

कातळसडा
मी जरा बाहेरचं उदाहरण देतो. लहानपणी केबलवर विलो हा इंग्रजी सिनेमा बघितलेला, १९८८ चा, तो बुटका जादूगार आणि टोपलीतलं बाळ, आम्ही भावंडं आंब्याच्या पेटीत बाहुली ठेवून तोच खेळ खेळायचो. २०२२ च्या नोव्हेंबरात त्याची पुढची सिरीज आली, आठ भागांची, वॉरविक डेव्हिस स्वतः परत विलो म्हणून आला, व्हॅल किल्मरला तब्येतीमुळे जमलं नाही. मी मुलीला घेऊन बसलो बघायला. तिला आवडली, मला अर्धीमुर्धी, कारण नवी पोरं पुढे आणि विलो आपला मागून सल्ले देत फिरतोय. पण खरा धक्का नंतर, २०२३ च्या मे मध्ये डिस्नीने ती आपल्याच ॲपवरून काढून टाकली! म्हणजे परत बघायची म्हटली तर नाही. तेव्हापासून मी सिक्वेल म्हटलं की आधी विचारतो, थेटरात येणारे ना?

मालवणी चेडू
माका वाटता सगळे उगाच घाबरतत. ती रात्रीस खेळ चाले सिरियल आठवा. २०१६ चो पयलो भाग बघूक आमच्या घरात शेजारपाजार जमा होय, शूटिंग आमच्या आकेरीत, म्हणान सगळ्यांका त्येचा कवतिक. मगे २०१९ चो दुसरो इलो आणि त्यात पुढचा नाय तर मागचा दाखवल्यानी, अण्णा नाईक जित्तो असतानाचा, शेवंता वगैरे, आणि तो पयल्यापेक्षा चल्लो. म्हणजे जमता. तिसऱ्याक मात्र आमच्या आयेन चौथ्या दिवशी टीव्ही बंद केल्यान.

माजी भीती येगळी आसा. आता तेंका नवीन देव व्हयो झालो तर आमच्याच देवांका भूत करतीत. आरवलीच्या वेतोबाक लोक ह्यावडी मोठी चपला आणि केळ्यांचे घड देतत, गावाची राखण करता तो. तेका उद्या कोणी पडद्यार दात काढून दाखवल्यान तर माका बघवूचा नाय. तुमचो हस्तर तुम्ही बनवलास, तोच वाढवा.

दापोली-दादर
पहिल्याचे दिग्दर्शक राही बर्वे नाहीत दुसऱ्यात, त्यांनी स्वतःच सांगितलंय. माझा उत्साह तिथेच अर्धा झाला.

खाडीपलीकडची (गुहागर)
अहो पण आदेश प्रसाद आहेत ना, पहिल्याचे सहदिग्दर्शक, लेखनातही होते. शुभेच्छा तर बर्वेंनीच दिल्यात त्यांना. मला पंकज कुमारचा कॅमेरा हवा, ते नसतील तर मात्र मीही रुसेन.

सातबारा
वकिलाकडे कारकुनी करण्यात हयात गेली, जमिनीचे कागद बघतो, त्यामुळे माझं डोकं तिकडेच जातं. पहिला सिनेमा १९१८, १९३३ आणि १९४७ असा चालतो आणि शेवटी वाडा सरकारकडे जाणार अशी बातमी येते. मग पुढे काय? १९४९ चा खोती रद्द करण्याचा कायदा, कूळकायदा, ज्यांच्या नावावर गावंच्या गावं होती त्यांच्याकडे घराभोवतालचं आगर उरलं आणि जे राबत होते त्यांचं नाव उताऱ्यावर आलं. कोणी आनंदाने दिलं नाही बरं का, कागद गायब करण्यापासून मेलेल्याचा अंगठा उठवण्यापर्यंत सगळे किस्से आमच्या ऑफिसात ऐकलेत. दुसरा भाग इथून सुरू झाला तर मी पहिल्या दिवशी जाईन.

विनायकरावाचा मुलगा पांडुरंग शेवटी ती नाणी नको म्हणतो, छान. पण त्याची मुलं? नातवंडं? आज आमच्याकडे सख्खे भाऊ गुंठ्यासाठी बोलत नाहीत, आजोबांनी लावलेल्या कलमांसकट डोंगर विकून टाकतात आणि ज्याने विकला तोच दुसऱ्या वर्षी एजंट होऊन शेजाऱ्याला विकायला लावतो. हस्तरच्या लंगोटातली नाणी घेऊन दोराने वर येणारा विनायकराव आणि हा, फरक काय? हस्तर पाच मिनिटंच दाखवा, पण ही हाव नीट दाखवा. माझी काळजी अशी की हे सगळं सोडून दहा हस्तर आणि मोठा स्फोट एवढंच करतील, कारण पहिल्यात शेवटी एकाचे अनेक झालेच होते.

जगबुडीकाठचा
सातबारा काका, लिहून पाठवा हो त्यांना! आणि मराठीत करायला सांगा. कोकणातला ब्राह्मण आईशी हिंदीत बोलतो हे मी एकदा चालवून घेतलं, परत नाही.

एक चाकरमानी
सगळ्यांनी कथेचं लिहिलं, मी तारखेचं लिहितो. १३ सप्टेंबर २०२४ ला रीरिलीज केला, म्हणजे आदल्याच दिवशी गौरी-गणपतींचं विसर्जन. आम्ही गावाला, परतीची ट्रेन फुल्ल, हायवेला ट्रॅफिक, मुंबईत पोहोचेपर्यंत मित्रांचे स्टेटस बघून झाले. नंतर कसाबसा रात्रीचा शो मिळाला, तोही पहिल्या रांगेतला, मान दुखून आली पण सिनेमातल्या त्या आजीला मोठ्या पडद्यावर बघितलं! ती आजी पण त्याच पोराने केलीय, पांडुरंग झालेल्या मोहम्मद समदने, हे मला घरी आल्यावर कळलं. तर निर्मात्यांपैकी कोणी वाचत असेल तर बाकी काय हवं ते करा, फक्त गणपतीत लावू नका, आणि निदान चिपळूण-रत्नागिरीला एखादा शो द्या.