मदत हवी आहे: जाहिरात मला दिसते, जाहिरात देणाऱ्यालाच दिसत नाही

सुईदोरा:
नमस्कार मंडळी. शिवणकामावर माझी एक छोटी मराठी वेबसाइट आहे. ब्लाउजचं कटिंग, अस्तर कसं लावायचं, नववारी कशी शिवायची, असलं सगळं. वर्डप्रेसवर आहे, भाच्यानं करून दिलीय. कोडमधलं मला ओ की ठो कळत नाही.

आधी फक्त ॲडसेन्स होतं, म्हणजे गूगल आपल्या पानावर जाहिराती लावतं आणि त्याचे पैसे देतं ते. दहा डॉलर जमल्यावर गूगलचं पिन नंबरचं पाकीट पोस्टानं घरी आलं, तर सासूबाईंनी ते देवापुढं ठेवलं. पण बँकेत पैसे यायला शंभर डॉलर व्हावे लागतात, त्याला पुढं चौदा महिने गेले. म्हणून यंदा गावातल्याच शिलाई मशीनवाल्या काकांना विचारलं. लेखाच्या वर आडवी पट्टी, महिन्याला 1,500 रुपये. ते हो म्हणाले.

महिना झाल्यावर पैसे आणायला गेले, तर काकांनी काउंटरवरचा लॅपटॉप माझ्याकडं फिरवला. "दाखवा बरं ताई, कुठाय माझी जाहिरात?" पान माझंच, पण शीर्षकाखाली लगेच मजकूर सुरू. मी मोबाइलवर उघडून दाखवली, तिथं ठळक होती. काका म्हणाले, "तुमच्या मोबाइलवर काय, तुम्ही काहीही दाखवाल."

लॅपटॉप त्यांच्या मुलाचा, त्यात ॲड ब्लॉकर, म्हणजे जाहिराती अडवणारं सॉफ्टवेअर आहे म्हणे. माझी शंका अशी की ही जाहिरात गूगलची नाहीच. चित्र मी माझ्या साइटवर चढवलंय. मग ब्लॉकरला कळतं कसं? आणि काकांना काय सांगू?

निवडुंग:
चित्र कुठल्या फोल्डरमध्ये आहे? फाइलचं नाव काय? जमलं तर त्याच लॅपटॉपवर एफ12 दाबून कन्सोलमध्ये (ब्राउझर चुका दाखवतो ती खिडकी) लाल ओळ दिसते का बघा.

सुईदोरा:
फोल्डरचं नाव इंग्रजीत 'ॲड्स'. फाइल 'बॅनर', पुढं 728×90. घोळ नको म्हणून भाच्यानं माप नावातच घातलंय. काकांच्या मुलाला फोन करून एफ12 दाबायला लावलं. लाल ओळीच्या शेवटी 'ब्लॉक्ड बाय क्लायंट' असं आहे.

निवडुंग:
मग सापडलं. म्हणजे चित्र त्या लॅपटॉपवरच अडवलं गेलं. ब्लॉकरला चित्रातलं मशीन दिसत नाही, तो पत्ता आणि कोडमधली नावं वाचतो. बहुतेक ब्लॉकर 'ईझीलिस्ट' नावाची यादी वापरतात, 2005 पासून लोक ती सांभाळतायत. गूगलसारख्या जाहिरात कंपन्यांचे पत्ते त्यात आहेतच, शिवाय सरधोपट नमुनेही आहेत: वाटेत 'ॲड्स' फोल्डर, 'बॅनर' शब्द, जाहिरातींची ठरलेली मापं. 728×90 हे त्यातलंच एक. तुमच्या भाच्यानं फाइलच्या कपाळावरच 'मी जाहिरात' असं लिहून ठेवलंय!

चित्र नेहमीच्या अपलोड फोल्डरमध्ये टाका, नाव 'शिलाई मशीन' असं काहीतरी द्या. ज्या चौकटीत ते बसवलंय तिच्या क्लासच्या (कोडमध्ये चौकटीला दिलेल्या) नावातही 'ॲड' नको, नाहीतर चित्र उतरेल पण चौकट लपवली जाईल. हे भाच्याकडून करून घ्या. आणि दुकानाच्या लिंकला 'स्पॉन्सर्ड' अशी खूण लावायला सांगा. पैसे घेऊन दिलेल्या लिंकसाठी गूगलनं 2019 मध्ये ती आणली.

घाटमाथा:
मी स्वतः यूब्लॉक ओरिजिन हा ॲड ब्लॉकर वापरतो, म्हणून जरा टोचलं. वाचकानं जाहिराती बंद केल्यात आणि आपण नाव बदलून मागच्या दारानं आत शिरायचं, हे बरं नव्हे. ब्लॉकर लोक हौसेनं लावत नाहीत. मार्च 2016 मध्ये बीबीसी आणि न्यूयॉर्क टाइम्ससारख्या साइटवरसुद्धा जाहिरातींच्या जाळ्यातून व्हायरस पसरवणाऱ्या जाहिराती आल्या होत्या. डिसेंबर 2022 मध्ये अमेरिकेच्या एफबीआयनंच सांगितलं की सर्च करताना ॲड ब्लॉकर वापरा, कारण खोट्या जाहिरातींतून फसवणूक होते.

निवडुंग:
मान्य. पण ते सगळं तिसऱ्याच कुणाच्या सर्व्हरवरून येणाऱ्या, माणसाच्या मागावर राहणाऱ्या जाहिरातींचं. ताईंचं एक साधं चित्र आहे, दुकानाच्या भिंतीवरच्या पाटीसारखं. डीएनएसवाले, म्हणजे साइटच्या नावावरूनच अडवणारे ब्लॉकरही ते अडवणार नाहीत, कारण पत्ता ताईंचाच आहे. त्यावर 'जाहिरात' असं मराठीत स्पष्ट लिहिलं की लपवाछपवी कसली?

घाटमाथा:
लिहिणार असतील तर माझी हरकत नाही.

सुईदोरा:
'जाहिरात' लिहितेच, ताई म्हणून विश्वासानं येतात बायका. पण मोबाइलवर दिसते हे कसं? आणि ब्लॉकरमुळं किती जणांना दिसतच नाही, हे मोजता येतं का?

निवडुंग:
अँड्रॉइडच्या क्रोममध्ये एक्स्टेंशन (ब्लॉकरसारखी ब्राउझरला जोडायची पुरवणी) टाकताच येत नाहीत, म्हणून तिथं हा प्रश्न कमी. फायरफॉक्स किंवा ब्रेव्ह वापरणारे निराळे. तुमच्या बायका मोबाइलवरच वाचत असतील तर नुकसान फार नाही, हे काकांना सांगा. मोजायचं म्हणाल तर गंमत आहे. साइटवर किती लोक आले ते मोजणाऱ्या गूगल ॲनालिटिक्सलाही यूब्लॉक अडवतो. म्हणजे ज्यांना मोजायचं तेच मोजणीत नाहीत. साइट जिथं ठेवलीय त्या होस्टिंगच्या सीपॅनेलमधली (साइट सांभाळायच्या पानावरची) आकडेवारी त्यापेक्षा बरी, फक्त त्यात बॉट, म्हणजे आपोआप फिरणारे प्रोग्रामही मोजले जातात.

ॲडसेन्सची जाहिरात मात्र नाव बदलून दिसणार नाही. ती गूगलच्या पत्त्यावरून येते. ब्लॉकर असलेल्या वाचकाकडून तिथले पैसे शून्य समजा.

सुईदोरा:
झालं! भाच्यानं रात्री फोल्डर, नाव, क्लास सगळं बदललं. सकाळी दुकानात गेले, मुलाच्याच लॅपटॉपवर पान उघडलं. मशीन दिसलं, कोपऱ्यात बारीक अक्षरात 'जाहिरात'. काकांनी चष्मा पुसून दोनदा पाहिलं आणि 1,500 काढून दिले. मग मुलाला हळूच म्हणाले, "ते बाकीच्या जाहिराती घालवायचं काय ते माझ्या कॉम्प्युटरवरपण टाक रे. फक्त ताईंची राहू दे."